चारवर चालतोय ना?

मालाडात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या चार-पाच वर्षं जुन्या मोटारीत सहज डोकावून पाहा. डॅशबोर्डवर एक गोल बटण दिसेल. त्याच्या एका अंगाला निळी पट्टी, दुसऱ्या अंगाला लाल. बटणाची खूण निळ्या टोकाला टेकलेली असेल आणि गाडी घेतली त्या दिवसापासून ती तिथेच असेल. लाल बाजूचे पैसे आपण मोजलेले असतात. तिच्यामागे सगळी यंत्रणाही हजर असते: इंजिनातून फिरून येणारं गरम पाणी, डॅशबोर्डच्या पोटात दडवलेला वीतभर रेडिएटर, नळ्या, झडपा. हा सगळा लवाजमा आपल्याबरोबर लिंक रोडच्या सिग्नलला उभा राहतो, पण त्याला कधी कोणी कामाला लावत नाही.

घरात लहान पोर असेल तर त्या बाजूची ओळख होण्याचा योग येतो. पोर पुढच्या सीटवर बसून बटण फिरवतं आणि मे महिन्यात एसीच्या जाळीतून गरम वाफा येऊ लागतात. वडील घाबरून एसीवाल्याकडे जातात. चांगला एसीवाला बटण पाहतो, निळ्या बाजूला वळवतो आणि चहाचेही पैसे घेत नाही. दुसऱ्या प्रकारचाही असतो. तो गॅस भरल्याचे घेतो.

मालाडची थंडी आधी वर्तमानपत्रात पडते, मग अंगावर. सांताक्रूझला पारा 16 अंशांवर आला की पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो आणि तो पाहून माणसं कपाटं उघडतात. याच सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांची नोंद झाली होती. कुलाब्याला त्याच दिवशी 11.7. उपनगरातल्या माणसाचा थंडीवरचा हक्क त्या 7.4 वर अजून शाबूत आहे. मालाडात त्यातही दोन थंड्या आहेत. पश्चिमेला मार्वे, अक्सा, मालवणी. तिकडे खाडी आणि समुद्र रात्रभर ऊब सोडत नाहीत. पूर्वेला कुरार, अप्पापाडा ओलांडलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची टेकडी लागते आणि तिथून पहाटे उतरणारा गारवा खरा असतो. आम्ही पूर्वेचे. मॉल पश्चिमेला, मिठाईवाला पश्चिमेला, समुद्रही पश्चिमेलाच. नातेवाइकांपुढे मिरवायला आमच्याकडे थंडी तेवढी आहे, आणि ती आम्ही पुरेपूर मिरवतो.

पण ही थंडी ऑफिसला निघायच्या वेळेपर्यंतच टिकते. जानेवारीत वारा जमिनीवरून येतो, कोरडा. समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो आणि तोवर पारा 32 वर जाऊन बसलेला असतो. सकाळी माकडटोपी घालून दूध आणणारा गृहस्थ दुपारी बनियनवर पंख्याखाली सापडतो. त्यामुळे हिवाळ्यात मोटारीचा पंखा बंद पडणं ही शिमल्यात कुडकुडण्याची तक्रार असेल, आमच्याकडे मात्र ती उकाड्याचीच तक्रार असते. सकाळी तर कोणाच्या लक्षातही येत नाही. खिडकी खाली करायची आणि "काय हवा आहे!" म्हणायचं.

गॅरेजमध्ये या पंख्याला ब्लोअर म्हणतात. एसीला तोच आणि हीटरलाही तोच. तो स्वतः गार करत नाही, गरमही करत नाही. एसीची कॉइल हवा गार करते, हीटरचा रेडिएटर ती गरम करतो. आपण फिरवतो ते बटण मधली एक झडप इकडे किंवा तिकडे सरकवतं. ब्लोअर फक्त ढकलायचं काम करतो. कॉइल कितीही गार असली, पाणी कितीही तापलं असलं, तरी ब्लोअर हलला नाही तर दोन्ही तुमच्यापासून हातभर अंतरावर तशीच पडून राहतात.

आमचा ब्लोअर डिसेंबरात बिघडला, तोही अर्धवट. एकवर गप्प, दोनवर गप्प, तीनवर गप्प. चारवर मात्र असा सुटायचा की समोरच्या गणपतीला वाहिलेलं फूल मागच्या सीटवर जाऊन पडायचं. चारवरच्या ब्लोअरखाली गाडी चालवता येते, संसार चालवता येत नाही.

"अहो, बंद करा ना ते."

बंद केला.

"अहो, उकडतंय."

लावला. दिंडोशीपासून दफ्तरी रोडपर्यंत आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. नाही म्हणायला, बायकोच्या भिशीचा विषयही निघाला नाही, तेव्हा बिघाडाला अगदीच नावं ठेवता येणार नाहीत.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. ब्लोअर बॉनेटखाली नसतो. तो आत, डाव्या बाजूच्या ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. पण बॉनेट उघडं दिसल्याशिवाय गाडी बिघडली आहे यावर सोसायटीचा विश्वास बसत नाही आणि सल्ला मिळत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "बॅटरी वीक." दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराने मोबाइलवर अमेरिकेतला एक दाढीवाला दाखवला. तो गृहस्थ बर्फात गाडी उभी करून अख्खा डॅशबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. "अंकल, असं सगळं खोलावं लागतं." वॉचमन गढवालचा. मालाडात हीटरचा पंखा बंद पडल्याची चर्चा ऐकून त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग गेटकडे निघून गेला.

राहिले काका. काका रेल्वेच्या कारशेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंगवा आहे का?"

हसू नका. विरार लोकलच्या जुन्या डब्यांतून ज्यांनी उभ्याने आयुष्य काढलं त्यांना कंगव्याचं महत्त्व सांगायला नको. स्विच चालू असूनही पंखा ढिम्म उभा असायचा. मग कोणीतरी खिशातून कंगवा काढून जाळीतून आत घालायचा आणि पात्याला हलकेच ढोसायचा. पंखा एकदा हलला की चर्चगेटपर्यंत फिरायचा. त्या कंगव्याने पुढे केसही विंचरले जायचे. काकांचा मुद्दा शास्त्राला धरून होता. मोटरच्या आत कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना गॅरेजवाले कार्बन म्हणतात. फिरणाऱ्या भागाला ते घासून वीज पोहोचवतात. झिजले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. अशा वेळी ग्लव्ह बॉक्स काढून मोटरच्या पाठीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं की कार्बन पुन्हा टेकतो आणि पंखा धावू लागतो. टकटक करून पंखा सुरू झाला तर मोटर म्हातारी झाली समजायचं. आमचा चारवर चालत होता, त्यामुळे त्या दिवशी टकटकीची गरज नव्हती. तरी काकांनी केली. सगळ्यांना बरं वाटलं.

कुरारचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणजे एक शटर, एक स्टूल, एक टेस्ट लॅम्प आणि भिंतभर लटकलेल्या वायरी. त्याने गाडीकडे पाहिलंही नाही.

"साहेब, चारवर चालतोय ना?"

"चालतोय."

"मग मोटर जिवंत आहे. फ्यूज पण चांगला. रेझिस्टर गेला तुमचा."

सोसायटीतल्या चार जाणकारांना जे सकाळभर जमलं नाही ते त्याने एका प्रश्नात उरकलं. कारण सोपं आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट चारवर थेट मोटरला मिळतात. एक, दोन, तीनवर मात्र वीज आधी रेझिस्टरच्या तारांतून जाते. तिथे तिचा काही भाग उष्णता होऊन खर्ची पडतो आणि उरलेल्यावर पंखा हळू फिरतो. म्हणजे मंद वारा हवा असेल तर त्यासाठीही कोणीतरी तापावं लागतं. हा रेझिस्टर गार राहावा म्हणून तो वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो. ज्या पंख्याला तो आवरतो त्याच पंख्याच्या वाऱ्यावर तो जगतो. पंखा जड फिरू लागला की मोटर जास्त वीज ओढते, वारा कमी येतो आणि रेझिस्टर जळतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. तो महाग पडतो, पण मरायची तऱ्हा बरीचशी तीच.

आणि चारवरसुद्धा चालत नसेल तर? तर आधी फ्यूज. तो असतो स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्यापाशी किंवा बॉनेटखालच्या काळ्या डबीत. डबीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, तो वाचायला चष्मा लागतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. 30 चा असेल तर हिरवा, 20 चा पिवळा, 15 चा निळा. रंग सगळीकडे हेच. आमच्या पिढीत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज 'कायमचा' करणारे उस्ताद होते. ती चांदी उडत नाही, हे खरं. तिच्याऐवजी वायरिंग पेटतं.

इलेक्ट्रिशियनने रेझिस्टर काढून दाखवला. तार तुटलेली, शेजारचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. मग तो न सांगता बॉनेटकडे गेला (म्हणजे बॉनेट उघडण्यात तथ्य होतं तर) आणि वायपरच्या खालची काळी जाळी उचलली. आत पिंपळाची पानं, रेन ट्रीची बारीक पानं, पावसाळाभर भिजून झालेला चिखल. बाहेरची हवा ब्लोअरला इथूनच मिळते. मालाड पूर्वेला झाडाच्या सावलीत पार्किंग मिळणं हे पूर्वसंचित, पण सावलीबरोबर झाड पानंही देतं. ती जाळीतून आत उतरतात, पंख्यात अडकतात, पाणी मोटरपर्यंत नेतात. "नुसता रेझिस्टर टाकला तर तीन-चार महिन्यांत परत या," तो म्हणाला. त्याने पानं काढली, नवा रेझिस्टर बसवला, काही शेकड्यांत काम झालं. मोटर उघडून पाहायला मात्र सोमवारचा वायदा केला. शनिवारी आम्हाला निफाडला जायचं होतं.

मोटारीत ऊब असावी हा विचार थंड मुलखातल्या माणसांचा. शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स या बाईंनी 1893 मध्येच हीटरचं पेटंट घेतलं, पण ते रेल्वेच्या डब्यांसाठी. मोटारी तिकडे आधी गरम झाल्या आणि कित्येक वर्षांनी, 1940 च्या सुमारास, पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवून दिला. आपला क्रम वेगळा. आपल्याकडे आधी खिडकी आली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची. तिच्या दाराच्या पुढच्या कोपऱ्यात एक तिकोनी काच होती. ती फिरवली की वारा बरोबर छातीवर. टॅक्सीवाले वर डॅशबोर्डवर एक इवला पंखा लावायचे, तो बहुधा त्यांच्यासाठी असायचा, गिऱ्हाइकासाठी नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकानं आजही कुर्ल्यालाच, सीएसटी रोडवर आहेत. जिथे गाडी जन्मली त्याच गावात तिचे भाग सुटे होऊन विकले गेले.

लाल बाजूचा मराठी माणसाने केलेला खरा उपयोग मे महिन्यातला आहे. भरलेली गाडी घाट चढताना इंजिन तापतं, काटा वर सरकतो. अशा वेळी जुने ड्रायव्हर एसी बंद करून हीटर पूर्ण लावतात, ब्लोअर चारवर आणि चारही काचा खाली. इंजिनाची उष्णता डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून गाडीत येते आणि काटा हळूहळू उतरतो. इंजिन वाचतं, माणसं शिजतात.

शनिवारी पहाटे निघालो. सासूबाई बरोबर होत्या. निफाड त्यांचं माहेर. घोडबंदर रोडवरून ठाणं गाठलं. पुढे समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा टप्पा 5 जून 2025 पासून खुला आहे, बोगद्यातून जाता येतं, घाट चुकतो. पण घाटाबरोबर घाटनदेवीही चुकते, म्हणून सासूबाईंना तो नामंजूर. कसारा घाटाने गेलो. शहापूरच्या अलीकडे गारवा जाणवायला लागला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते बटण लाल बाजूला वळवलं. ब्लोअर एकवर सुरू झाला, थोडा वेळ चालला आणि गप्प. दोन, तीन, चार, सगळीकडे गप्प.

यानंतरचा प्रकार मोठा मौजेचा होता. गाडी वेगात असली की पायाशी कोमट झुळूक यायची. ट्रकमागे अडकलो की झुळूक बंद. आधी वाटलं ब्लोअर मधूनच चालतोय. तसं नव्हतं. बाहेरची हवा आत घ्यायची झडप उघडी असेल तर गाडीच्या वेगानेच थोडी हवा आत दाबली जाते आणि तापलेल्या रेडिएटरवरून वाहत येते. पंखा मेलेला असला तरी हा वारा येतो. तुमच्या गाडीत वेगात हवा येत असेल आणि सिग्नलला थांबली की बंद होत असेल, तर दोष हवेच्या वाटेत नाही, पंख्यात आहे.

घाटात काच धुरकटली. बाहेर थंडी, आत तीन माणसांचे श्वास, आणि सासूबाईंच्या थर्मासमधला चहा. एसी हवा कोरडी करतो, हीटर काच तापवतो. पण दोघांनाही काचेपर्यंत पोहोचवणारा गडी संपावर. बायको डब्याच्या फडक्याने काच पुसत होती. काचा खाली केल्या की धुकट जायचं आणि थंडी आत यायची. "आमच्या वेळी एसटीला काचाच नसायच्या," सासूबाई शालीतून म्हणाल्या.

घाटनदेवीला गाडी उभी केली. सासूबाई दर्शनाला गेल्या. मी ग्लव्ह बॉक्स उतरवला, हात घातला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दोन टकटकी दिल्या. ब्लोअर घुमला. आधी धूळ भाजल्याचा एक वास आला. हीटर पहिल्यांदाच लागला की तो येतोच. मालाडची इतक्या वर्षांची धूळ होती ती. मग ऊब आली. सासूबाई परत येऊन बसल्या, पायाशी हात नेला आणि म्हणाल्या, "देवी पावली." मी कारशेडच्या काकांचं नाव घेतलं नाही.

निफाडची थंडी वर्तमानपत्रातली नाही. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तिची रोज नोंद होते आणि राज्यातले नीचांक बरेचदा तिथलेच असतात. पहाटे द्राक्षबागांच्या कडेने शेकोट्या पेटलेल्या असतात. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, साखर भरणं मंदावतं. म्हणून बागायतदार धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. बायकोचा मामेभाऊ रात्री दोनला उठून बागेत गेलेला. मी ब्लोअरची कहाणी सुरू केली, तर म्हणाला, "दाजी, तुम्हाला खिडकी तरी बंद करता येते. आमच्या बागेला काच कुठे लावू?"

त्याला एक गोष्ट ठाऊक होती, ती मला नव्हती. कॅलिफोर्नियात, न्यूझीलंडमध्ये द्राक्षबागांत उंच खांबांवर मोठाले पंखे बसवतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि तिच्यापेक्षा उबदार हवा काही मीटर वर तरंगत असते. पंखा ती वरची हवा खाली वेलींपर्यंत ढकलतो. तिथेही ऊब पंख्याची नसते.

सोमवारी कुरारला मोटर उघडली. कार्बन झिजलेले, आत गंज. इलेक्ट्रिशियनने दोन पर्याय दिले: कार्बन बदलून हीच चालवा, किंवा नवी टाका. जुन्या बाजारातून उचललेली घेऊ नका असंही सांगितलं, कारण ती कोणाच्या तरी पिंपळाखालूनच आलेली असते. नवी टाकली. आता एकवर पुटपुटतो, दोनवर बोलतो, तीनवर दोघांना ऐकू येईल असा चालतो. भिशीचा विषय पुन्हा निघाला आहे.

वाचकहो, घाटावर जाणार असाल तर आदल्या दिवशी बटण एकदा लाल बाजूला फिरवून चारही आकड्यांवर कान देऊन पाहा. डॅशबोर्ड खोलायला निघालेल्या मेकॅनिकला आधी फ्यूज आणि रेझिस्टर पाहायला सांगा. आणि वायपरखालची पानं आजच काढा. त्याला मेकॅनिक लागत नाही, बॉनेट तेवढं उघडावं लागतं. शेजारी येतील, त्यांना येऊ द्या.